तिसरा वाटा

इथे असले अनुभव लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच ओळीत सांगतात की आमचा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि चौथ्या ओळीत पांढऱ्या साडीतली बाई आणतात. मी ते वाचून हसायचो. माझं पातूरला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाणबुडी मोटरी जळाल्या की माझ्याकडे येतात. करंट कोणाला दिसत नाही, पण मीटर लावला की काटा हलतो. ज्या गोष्टीने काटा हलत नाही ती गोष्ट नाहीच, असा माझा साधा कायदा. आजही तोच आहे... फक्त एका ठिकाणी तो लागू पडत नाही. म्हणून लिहून राहिलो. मजा म्हणून वाचणाऱ्यांनी इथेच थांबावं, कारण यात मजा काही नाही.

पातूरहून घाटाकडे जाताना एक फाटा लागतो. तिथून आत, टेकडीच्या पायथ्याशी एक पाझर तलाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, गावाने काही पुण्य केलेलं नाही. तलाव झाला तेव्हा एका शेताची विहीर पाण्याखाली गेली. शेत बुडण्याआधी शेतमालकाने गुरं पडू नयेत म्हणून तिच्यात बाभळीच्या काट्या कोंबल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पावसाळ्यात विहीर अजिबात दिसत नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की तिचा दगडी कठडा चिखलातून वर येतो. मरळ माशाला असली कपार आवडते, त्यामुळे विहिरीची बाजू ही आमची ठरलेली जागा.

आम्ही म्हणजे तिघं. एक मी, विलास. दुसरा सलीमभाई, ज्याचा पातूरच्या बाजारात गाद्यांचा कारखाना आहे. आणि तिसरा माझा चुलतभाऊ प्रभाकर, वयाने मोठा, म्हणून प्रभुदादा. तलावाजवळच्याच गावात त्याचं घर. दर रविवारी बांबू, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि गरी म्हणजे गळ घेऊन आम्ही काठावर बसायचो. दादाला प्लास्टिकचे तरंगे आवडायचे नाहीत. तो ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तंगूसला बांधायचा आणि म्हणायचा की धांडा खोटं बोलत नाही, मासा लागला तरच बुडतो. तोंडात कायम खर्रा, आमच्याकडची घोटलेली सुपारी-तंबाखू. त्यामुळे त्याचं बोलणं ओठ मिटून, ओलं-ओलं यायचं. नवीन माणसाला अर्धं कळायचंच नाही.

आता वाट्यांचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

मटणाचे हिस्से पडताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे माहीत असेल. दिवसभराचे मासे ओल्या बारदान्यावर ओतायचे, त्यांचे सारखे वाटे पाडायचे. मग एकाने वाट्यांकडे पाठ करून बसायचं. दुसऱ्याने एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, ‘हा कोनाचा?’ पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. कोणता वाटा मोठा, कोणत्यात मरळ आहे, हे त्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही. आमच्याकडे यात आणखी एक नियम होता. जोडीदार आजारी असो, लग्नाला गेलेला असो, त्याचा वाटा पडतोच आणि त्याच्या घरी पोचता होतो. मेलेल्याचा मात्र पडत नाही. आधी आमच्यात चौथे नामदेवकाका होते, सगळ्यात म्हातारे. ते गेले त्या रविवारपासून आम्ही त्यांचा वाटा थांबवला आणि त्यांच्या घरच्यांनी कधी विचारलं नाही. जित्या माणसाचा वाटा, मेल्याचं फक्त नाव. हा नियम कोणी केला मला माहीत नाही. आमच्या आधीपासून चालत आला आहे.

श्रावणात आमच्या गऱ्या आढ्याला टांगलेल्या असायच्या. सलीमभाईला काही बंधन नाही, पण तोही जात नसे. म्हणायचा, तुमी दोघं नाही तर मी काठावर बसून कोनाशी बोलू. अशाच एका श्रावणी सोमवारी प्रभुदादा सकाळी घरातून निघाला. वहिनीला, म्हणजे सुनंदावहिनीला, त्याने सांगितलं की धामणगाव रेल्वे या गावी कापसाच्या जिनिंगमधल्या एका ओळखीच्याकडे काम आहे, उद्या येतो. वहिनीने उपासाची साबुदाण्याची उसळ डब्यात भरून दिली. दुसऱ्या दिवशी झड लागली, पाऊस थांबेचना, गाड्या बंद. वहिनीला वाटलं तिकडेच अडकला. झड उघडली, तरी दादा आला नाही.

धामणगावला विचारलं तर तो तिथे पोचलाच नव्हता. त्याला तिथे कोणी बोलावलंही नव्हतं.

झालं. गावाला एवढंच पुरे होतं. माणूस बायकोशी खोटं बोलून निघाला, म्हणजे बाईचंच प्रकरण – याच्या पलीकडे आमच्या लोकांची अक्कल जात नाही. जिनिंगमध्ये कामाला येणारी एक बाई आठवड्याभरात तयारही झाली. तिचं नाव-गाव कोणाला माहीत नव्हतं, पण ती गोरी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मग दादाचा सख्खा धाकटा भाऊ किशोर सुरतला एका लग्नाला जाऊन आला आणि त्याने पारावर सांगितलं की स्टेशनवर दादा दिसला, सोबत बाई होती, मला पाहून गर्दीत शिरला. सख्ख्या भावाने सांगितल्यावर शंका कोण घेणार? ठाण्यात मिसिंगची नोंद होती, तीही थंड पडली.

तळ्याचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नाही. पोलिसांनी विचारलं होतं, की बुवा, मासेमारीचा नाद होता म्हणता, पाण्याकडे गेला असेल का? तर घरचे, दारचे, शेजारचे सगळे एका सुरात म्हणाले, साहेब, श्रावण सोमवार होता, उपास होता. जसं काही श्रावण म्हणजे तळ्याला कुलूप.

त्या दिवसापासून दादाचं शेत किशोर वाहू लागला. नाहीशा झालेल्या माणसाच्या जमिनीचं काय करायचं हे कायद्यालाच लवकर कळत नाही, तोवर भाऊ कसतो. काळी कसदार जमीन, रस्त्याला लागून. किशोर वहिनीच्या दारात वर्षाचे दाणे आणून टाकायचा आणि आवाज चढवून टाकायचा, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून.

आणि आम्ही? आम्ही वाटा नेत होतो. दादा परागंदा झाला, पण मेला नव्हता ना. मग नियमाने त्याचा वाटा पडणार. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तळ्यावर जायला लागलो तेव्हा पहिल्याच रविवारी सलीमभाईने न विचारता तीन वाटे पाडले. मी तिसरा वाटा घेऊन वहिनीच्या दारात गेलो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे, आणि आत जाऊन राख घेऊन आली. मासे घासायला चुलीतली राख लागते. पुढे दर रविवारी संध्याकाळी तिच्या उंबऱ्याशी राखेची वाटी तयार असायची.

मला वाटतं त्या पिशवीवर ती जगत होती. मासे खायला मिळतात म्हणून नाही. अख्ख्या गावात आम्ही दोघंच असे होतो जे तिच्या नवऱ्याला ‘पळालेला’ न म्हणता ‘गैरहजर’ म्हणत होतो. ती मासे घासता घासता त्याला शिव्या घालायची, फार वाईट शिव्या. मला ऐकू येईल अशा. कपाळाला कुंकूही रोज लावायची. दोन्ही एकाच माणसासाठी, आणि दोन्ही मनापासून. पोरगी अश्विनी तेव्हा कॉलेजात होती. पुढे तिचं एक चांगलं स्थळ अचलपूरहून आलं, ठरत आलं आणि मोडलं. मुलाच्या आईने स्पष्ट सांगितलं की बाप मेलेला चालतो, पळालेला चालत नाही. वहिनीने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि मला ते हसू सहन झालं नाही.

अशी पाच वर्षं गेली.

आता तो रविवार. मे महिना, भर दुपार. अकोला जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. हे अशासाठी सांगतो की अंधार, रातकिडे, चांदणं असलं काही तिथे नव्हतं. डोळ्यांत जाळ होईल एवढा उजेड होता. तलाव खाली गेलेला, विहिरीचा कठडा पाण्याच्या कडेला उघडा पडलेला. आम्ही पहाटे येऊन बसलो होतो. सरकीच्या ढेपेच्या गोळ्यांवर चार रोहू लागले, काही चिलापी, आणि सलीमभाईला बेडकी लावून एक मरळ लागली, हातभर लांब. ऊन असह्य झालं तसा गाशा गुंडाळला. सलीमभाईने एकुलत्या बाभळीखाली बारदाना ओला करून पसरला, तीन वाटे पाडले. मी पाठ करून बसलो – तोंड तळ्याकडे.

‘हा कोनाचा?’

‘तुझा,’ मी म्हणालो.

‘हा?’

‘माझा.’

आता खरं तर तिसरा विचारायची गरज नसते. उरला तो दादाचाच. पण नियम असा की विचारायचं आणि नाव घ्यायचं. गैरहजर माणसाचं नाव तळ्यावर निघालं पाहिजे. माझा घसा सुकला होता. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात सलीमभाईने विचारलं, ‘अन् हा कोनाचा?’

तोंडात पाणी, म्हणून मी हात वर केला, की थांब. आणि त्या थांबण्यात कोणीतरी म्हणालं –

‘हा घरी नोका नेऊ.’

ओठ मिटून. ओलं-ओलं. तोंडात खर्रा धरून माणूस बोलतो तसं.

माझ्या समोरून आलं ते. समोर पाणी होतं, कठडा होता, आणि दूर पलीकडच्या काठावर एक म्हैस. बाकी कोणी नव्हतं. माझ्या तोंडातलं पाणी शर्टावर सांडलं. पहिला विचार आला की सलीमभाईने दादाची नक्कल केली, आणि मला भयंकर संताप आला. पाच वर्षांत आम्ही कधी त्याची नक्कल केली नव्हती. मी वळलो, त्याला शिवी देणार होतो. पण त्याचं बोट तसंच वाट्यावर टेकलेलं होतं आणि तोंड राखेसारखं पडलं होतं.

‘विलासभाऊ, मजाक नोको करू,’ तो म्हणाला. ‘असी मजाक नसते करत.’

‘मी कुठं बोललो? तूच बोलला.’

तो माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिला. त्याने मला पाणी पिताना पाहिलं होतं. आवाज त्याला माझ्या बाजूने आला होता, मला पाण्याच्या बाजूने. आणि आम्हा दोघांपैकी कोणी आयुष्यात खर्रा खाल्लेला नाही.

 शेवटी सलीमभाई उठला. त्याने तिसरा वाटा ओंजळीने उचलून पाण्याच्या कडेला नेला आणि सोडून दिला. रोहू, चिलापी मेलेली होती, ती पांढरी पोटं वर करून तरंगली. त्याच वाट्यात आलेली मरळ जिवंत होती – ओल्या बारदान्यावर ती तासन्‌तास जिवंत राहते. ती खोल पाण्याकडे गेली नाही. उथळ चिखलातून अंग घासत, वळवळत कठड्यापर्यंत गेली आणि एका फुटलेल्या दगडातून विहिरीत उतरली. यात चमत्कार काही नाही, मरळ कपार शोधतेच. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं. तरी आम्ही दोघंही विहिरीकडे बघायला लागलो, आणि बघत असताना मला एकदम साधी गोष्ट कळली, जी पाच वर्षं कोणाला कळली नव्हती. माणूस बायकोशी खोटं बोलतो ते बाईपायीच बोलतो असं नाही. श्रावणात, सोमवारच्या उपासाला मासे धरायला जायचं असलं तरी बोलतो. आणि आमचा दादा असा होता, की महिनाभर गरी टांगलेली ठेवणं त्याला मरणाहून जड जायचं.

श्रावणात विहीर दिसत नाही, पण पाण्याच्या कडेपासून फार लांबही नसते. गरी अडकली म्हणून कोणी सोडवायला चार पावलं आत गेला तर...

संध्याकाळी आम्ही वहिनीच्या दारात उभे राहिलो. अंगणात खाटेवर कुरड्या वाळत होत्या. उंबऱ्याशी राखेची वाटी होती. वहिनी बाहेर आली, तिने आमचे हात पाहिले. पिशवी नव्हती.

मी काही सांगण्याआधीच तिला कळलं होतं. नियम तिलाही माहीत होता. ज्याचा वाटा येत नाही तो माणूस मेलेला, हे तिने नामदेवकाकांच्या घरी पाहिलेलं होतं. ती खाली बसली. मग मी सगळं सांगितलं, आवाजाचंही. मला वाटलं ती म्हणेल की भाऊजी, उन्हानं डोकं फिरलं तुमचं. ती म्हणाली –

‘तुमच्याकडं मोटर असंल ना दुकानात? लावा विहिरीवर.’

किशोर दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला. आधी गोडीने बोलला, मग तावातावाने. वहिनीचं डोकं फिरलं आहे आणि आम्ही तिच्यामागे नाचतोय, घराण्याची उरलीसुरली अब्रू तळ्यावर धुणार, असं बरंच. मी म्हटलं, तू त्याले सुरतले पाहिलं ना, मंग तुले कायचं भेव? विहीर रिकामीच निघंल. यावर तो गप्प बसला. मला त्याच्या गप्प बसण्याची तेव्हा जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

पोलीस पाटलाला सांगून आम्ही मोटर लावली. दिवसभर उपसा चालला. लोक जमले – जमणारच, फुकटचा तमाशा कोण सोडतो. गाळ मिसळलेलं काळं पाणी चरातून तळ्यात जात होतं. पाणी खाली गेलं तशा बाभळीच्या कुजलेल्या काट्या दिसू लागल्या. सलीमभाई बादली काढायचा लोखंडी गळ दोराला बांधून एकेक फांदी ओढत होता. एका फांदीबरोबर कापडी पिशवीची चिंधी वर आली आणि तिच्यात गुंतलेला एक स्टीलचा डबा.

वहिनीने तो पदराने पुसला. झाकणावर कोरलेलं नाव निघालं – चि. प्रभाकर यास मामांकडून. लग्नातला डबा. तिने झाकण उघडलं नाही. डबा मांडीवर ठेवून ती कठड्याजवळ बसून राहिली, आणि खालून पुढे जे निघालं ते पोलीस येईपर्यंत कोणी वर घेतलं नाही. त्याचं वर्णन मी करणार नाही.

अश्विनीचं रक्त घेतलं, तपासणी झाली, महिने गेले, रिपोर्ट आला. तोच होता. अपघाती मृत्यू, असं लिहून आलं. कोणी ढकललं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. एक माणूस मासे धरायला गेला आणि विहिरीत पडला, एवढी साधी गोष्ट. त्या साध्या गोष्टीचं पाच वर्षं गावाने जे केलं त्याला मात्र कलम नाही.

तेरवीला किशोरने मुंडण केलं. पंगतीत हात जोडून फिरत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता, लोक म्हणत होते, बिचारा, पाठचा भाऊ आहे शेवटी. सुरतचं कोणी विचारलं नाही. मी विचारलं – पंगत उठल्यावर, बाजूला घेऊन. तो म्हणाला, ‘आता मले तसं वाटलं होतं बाप्पा. मानसाले भास होते.’ त्याचा भास पाच वर्षं चालला. माझा एका वाक्याचा, तर लोक मला डॉक्टरचं नाव सुचवतात.

अचलपूरवाल्यांचा निरोप पुन्हा आला, मग ते स्वतःच घरी आले. आता मुलीचा बाप वारलेला आहे असं कळलं, आता हरकत नाही म्हणाले. वहिनीने त्यांना चहा दिला. मग शांतपणे म्हणाली, ‘पोट्टी तेच हाय, बापबी तोच हाय. तुमीच काहून बदलले?’ ते कप अर्धे ठेवून गेले. पाच वर्षांत त्या घरात मला आवडलेली ती एकच घटना.

तुम्ही म्हणाल, की मग झालं ना... सुटला जीव, मिळाला न्याय. इथल्या बहुतेक गोष्टी तशाच संपतात. आत्मा शांत होतो, दिवा लावतात. आमच्याकडे तसं झालं नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी वहिनीने मला बोलावलं. कपाळ रिकामं होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने विचारलं, ते नेमके काय बोलले, पुन्हा सांगा. मी सांगितलं – ‘हा घरी नोका नेऊ.’ तिने ते शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिले.

‘काहून नोका नेऊ म्हनले, समजलं तुमाले?’

मला समजलं होतं. विहीर उपसली त्याच दिवशी समजलं होतं, आणि ते कोणी तोंडाने बोलू नये एवढीच माझी इच्छा होती. पण ती बोलली.

‘त्या हिरीतले मासे भाऊजी. पाच वर्सं. मी या हातानं राखेनं घासले, रांधले. पोरीले चारले, मी खाल्ले. खाता खाता त्याले शिव्या घातल्या.’ ती रडत नव्हती. ‘त्याले बोलता येत होतं ना? तुमाले ऐकू आलं ना? मंग पयल्याच रविवारी काहून नाही बोलला थो?’

 तिने पुन्हा विचारलं नाही त्या दिवशी. पण तिच्या डोळ्यांत ते आहे, आणि मी त्या घरी गेलो की ते माझ्याकडे बघतं. म्हणून हल्ली मी कमी जातो.

माझे काही मित्र म्हणतात की तो आवाज म्हणजे तुमचंच मन. दोघांनाही आतून कुठेतरी ठाऊक होतं. असेल बुवा. पण एका मनाचं मी समजू शकतो, दोन मनं एकाच क्षणी एकच वाक्य बोलली कशी? आणि माझ्या तोंडात तर पाणी होतं. मी मोटरवाला माणूस आहे, फॉल्ट शोधणं हा माझा धंदा आहे. हा फॉल्ट मला सापडलेला नाही.

मासेमारी आम्ही दोघांनीही सोडली. सलीमभाईच्या गऱ्या त्याच्या कारखान्यात कापसाच्या गाठीमागे पडून आहेत. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे बसलो होतो. तो गादीला टाके घालत होता. मी त्याला वहिनीचा प्रश्न सांगितला, की पहिल्याच रविवारी का नाही बोलला.

त्याने सुई थांबवली.

‘बोलला असंल,’ तो म्हणाला.

‘कधी?’

‘दर रविवारी. आठवून पाह्य ना. तिसरा वाटा विचारला का तू, नाही तं मी, लगेच म्हनत होतो – दादाचा. पुरं विचारूबी देत नव्हतो. आपल्याले तं उत्तर पाठ होतं. थ्या दिवशी तुह्या तोंडात पानी होतं म्हनून पयल्यांदा कोनी थांबलं.’

एवढं बोलून तो पुन्हा टाके घालू लागला.

मी खूप आठवून पाहिलं. त्याचं खरं आहे. पाच वर्षांत त्या प्रश्नानंतर आम्ही श्वासभरही थांबलो नव्हतो. त्याचं नाव घ्यायची आम्हाला एवढी घाई होती.

वहिनीला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.